कॅसिनोत जास्त हरलेल्याला काहीच नाही आणि दुसऱ्याला खोली फुकट, असे का?

चोर्ला घाट उतरून पणजीला जाणाऱ्या बेळगावकरांना पडणाऱ्या या प्रश्नाचे उत्तर असे की, कॅसिनो प्रत्यक्ष हार नव्हे, तर अपेक्षित हार मोजतो. सरासरी लावलेली रक्कम, तासाला होणारे डाव, बसलेले तास आणि त्या खेळातला कॅसिनोचा टक्का (लावलेल्या रकमेतला सरासरीने कॅसिनोकडे राहणारा हिस्सा) यांचा तो गुणाकार असतो. एकच शून्य असलेल्या रूलेटवर (आकड्यांच्या फिरत्या चाकाच्या खेळात) हा टक्का सुमारे २.७ असतो, म्हणजे दर फेरीला १००० रुपये, तासाला ४० फेऱ्या आणि ४ तास धरल्यास ४३२० रुपये होतात. त्यातलाच काही हिस्सा जेवण किंवा खोलीच्या रूपाने परत मिळतो (फुकटच्या दारूत औदार्य कमी, हिशेबच जास्त). एका झटक्यात मोठी रक्कम हरून उठणाऱ्याची किंमत त्यामुळे कॅसिनोच्या लेखी किरकोळच राहते.