स्वतःला ‘एक्टोमॉर्फ’ ठरवण्याआधी टेप घे

प्रिय मित्रा,

ऑनलाइन चाचणी देऊन तू स्वतःला ‘एक्टोमॉर्फ’, म्हणजे सडपातळ बांध्याचा, ठरवलंस आणि आता मास गेनर (वजन वाढवायची पावडर) कोणता घेऊ असं विचारतोयस. जरा थांब.

एक्टोमॉर्फ, मेसोमॉर्फ (पिळदार), एंडोमॉर्फ (गोलसर) ही विभागणी अमेरिकेतल्या विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने 1940 मध्ये मांडली. बांध्यावरून स्वभाव सांगण्याचाही उद्योग त्याने केला. तो पुढे मोडीत निघाला. आज क्रीडाशास्त्रात हीथ-कार्टर पद्धत चालते. उंची, वजन, चार ठिकाणी चिमटीत धरलेल्या त्वचेच्या घडीची जाडी, कोपर-गुडघ्याची रुंदी, दंड-पोटरीचा घेर एवढं मोजून तिन्ही प्रकारांचे वेगवेगळे गुण काढतात. एकाच खान्यात चपखल बसणारा माणूस विरळाच.

तुझं दुखणं निराळं आहे: हातापायांच्या काड्या आणि पुढे ढेरी. आपल्याकडे हा बांधा घरोघरी दिसतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 22.3. चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2! दोघांचा हा फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. तेव्हा नुसत्या वजनकाट्यावर विसंबू नकोस.

कंबर सकाळी उपाशीपोटी मोज. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्यावर टेप धर, श्वास सहज सोड आणि आकडा बघ. पोट आत ओढायचं नाही, टेप रुतवायची नाही. पँटचा नंबर सांगू नकोस, पँट ढेरीखाली बसते. भारतीय पुरुषाला 90 सेंमी, बाईला 80 सेंमी ही मर्यादा. त्यापुढे गेला असशील तर मास गेनर विसर. त्यात बहुतेक साखर-पिठूळच असतं, ते पोटावरच चढेल. प्रोटीन बघ. रोज वजनाच्या किलोमागे दीड ग्रॅम धरलं तर 60 किलोला 90 ग्रॅम होतं. एका अंड्यात 6 ग्रॅम, वाटीभर वरणात साधारण तेवढंच. नुसत्या वरणभातावर भागणार नाही.

हाडांची लांबी बदलत नाही, व्यायाम बदलता येतो. मांडीचं हाड लांब असेल तर स्क्वॉटमध्ये (उठाबशीसारख्या व्यायामात) धड पुढे झुकणारच, त्यात तुझी चूक नाही. पाय थोडे फाकव, टाचांखाली वजनाची पातळ प्लेट ठेव, डंबेल छातीशी धर.

कंबर आणि दंड दर दोन आठवड्यांनी त्याच वेळी मोज. दंड वाढतोय आणि कंबर जागच्या जागी आहे, तर आहे तेच चालू ठेव. दोन्ही हलत नसतील तर जेवणात एक पोळी आणि एक अंडं वाढव.