पहिल्यांदाच खगोलशास्त्र शिकवणाऱ्या मुलीस

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

ऑगस्टपासून तिथे अमेरिकेत खगोलशास्त्राचा पहिला अभ्यासक्रम तू एकटी शिकवणार आणि लॅबचे दोन सेक्शनही तुझ्याकडेच, हे वाचून फार आनंद झाला. तुझ्या पत्रात व्याख्यानांबद्दल एकही प्रश्न नाही, सगळे प्रश्न गुण, प्रॅक्टिकल आणि परीक्षा यांबद्दल आहेत. ते योग्यच आहे. या विषयात किंमत कशाला आहे, हे मुलं तुझ्या बोलण्यावरून ठरवणार नाहीत, तू गुण कशाला देतेस त्यावरून ठरवतील. म्हणून सिलॅबस विचारपूर्वक लिही.

समोर कोण बसणार आहे ते आधी बघ. अमेरिकेत हा वर्ग घेणारी बहुतेक मुलं इतिहासाची, संगीताची, व्यवस्थापनाची, शिक्षणशास्त्राची असतात. पदवीसाठी एखादा विज्ञानाचा विषय लॅबसकट पूर्ण करावा लागतो, म्हणून ती येतात. २००१ च्या सुमाराला केलेल्या एका अंदाजात देशभरात वर्षाला साधारण अडीच लाख विद्यार्थी हा विषय घेतात, असा आकडा आला होता. त्यांतल्या बहुतेकांच्या आयुष्यातला हा विज्ञानाचा शेवटचा वर्ग. पुढे प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या कितीतरी मुली याच बाकांवर असतात. त्यांना तुझ्या वर्गातून ‘आपल्याला हे जमत नाही’ एवढंच कळलं, तर ते त्यांच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचतं.

टक्केवारीचं गणित मनात नीट बसव. आपल्याकडे ७५ टक्के म्हणजे डिस्टिंक्शन, ६० म्हणजे फर्स्ट क्लास, ४० ला पास. तिथे बहुतेक ठिकाणी ९० च्या पुढे ए, ८० च्या पुढे बी, ७० च्या पुढे सी आणि ६० च्या खाली नापास. पुण्याच्या सवयीने कडक पेपर काढलास, हात आखडून तपासलास आणि ६२ टक्क्यांवर ‘छान’ असा शेरा मारलास, तर ती मुलगी घरी जाऊन रडेल. नीट अभ्यास केलेल्या विद्यार्थ्याला ८०-८५ टक्के मिळतील असा पेपर काढ. तो सोपाच असेल असं मुळीच नाही. असा पेपर काढायला जास्त विचार लागतो.

कर्व्ह लावू का, असं तू विचारलंस. माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. वरच्या अमुक टक्क्यांनाच ए द्यायचा म्हटलं, की शेजारचा प्रतिस्पर्धी होतो. लॅबमध्ये त्याच शेजाऱ्याबरोबर एका टेबलावर काम करायचं असतं. ग्रेडच्या सीमा पहिल्या दिवशी लिहून दे आणि खाली एक वाक्य घाल: या सीमा गरज पडली तर खाली येतील, वर कधीच जाणार नाहीत. पेपर अवघड निघाला तर दुरुस्तीला तुला वाव राहतो आणि दिलेला शब्दही मोडत नाही.

आता लॅब. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

आपल्या कॉलेजात प्रॅक्टिकल म्हणजे काय होतं ते तुला माहीत आहे. लंबकाच्या प्रयोगात ‘जी’ची, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाची, किंमत ९.८ यायलाच हवी, नाहीतर जर्नल सर्टिफाय होत नाही. मग मुलं उत्तराकडून उलट येतात, रीडिंग जुळवतात, सीनियरचं जर्नल उतरवून काढतात. सगळेच बेइमान असतात म्हणून हे होत नाही. गुण उत्तराला आहेत, हे त्यांना अचूक कळलेलं असतं म्हणून होतं. तुझ्या लॅबमध्ये हे होऊ देऊ नकोस.

हबलचा प्रयोग घे. दीर्घिकांचे, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहांचे, वर्णपट बघायचे, रेषा किती सरकल्या त्यावरून वेग काढायचा, अंतर काढायचं, आलेख मांडायचा आणि त्याचा उतार म्हणजे हबल स्थिरांक. आज ही किंमत ७० च्या आसपास धरतात, एकक किलोमीटर प्रतिसेकंद प्रति मेगापार्सेक (मेगापार्सेक हे दीर्घिकांमधली अंतरं मोजायचं एकक). तुझ्या वर्गात कुणाचं उत्तर ५४ येईल, कुणाचं ९५. आणि खुद्द एडविन हबलचं १९२९ सालचं उत्तर होतं सुमारे ५००! आजच्या किमतीच्या सातपट. त्यावरून विश्वाचं वय दोन अब्ज वर्षांच्या आसपास निघत होतं, म्हणजे पृथ्वीवरच्या जुन्या खडकांहूनही कमी. चूक मुख्यतः अंतरांच्या मोजमापात होती. ज्यांच्या कमी-जास्त होणाऱ्या तेजावरून अंतर काढतात त्या सेफिड ताऱ्यांचे दोन प्रकार आहेत, हे खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडेने १९५२ मध्ये दाखवून दिल्यावर ही अंतरं एकदम दुप्पट झाली. दीर्घिका जितकी लांब तितकी वेगाने दूर जाते, हा हबलचा निष्कर्ष मात्र त्याच्या आलेखात होता आणि तो टिकला. ‘उत्तर ७० आलं तर १० गुण’ या नियमाने हबल तुझ्या लॅबमध्ये नापास झाला असता.

म्हणून २० गुणांच्या लॅबला माझी वाटणी अशी असते: नोंदी जशा घेतल्या तशा, एककांसकट लिहिल्याबद्दल ८, स्वतःच्याच नोंदींवरून निष्कर्ष काढल्याबद्दल ८, उत्तर नेमकं कशामुळे सरकलं असेल ते सांगितल्याबद्दल ४. छापील किमतीशी जुळण्याला शून्य. मधल्या पायरीवर बेरीज चुकली तर एकदाच गुण काप, पुढचं सगळं त्या चुकीच्या आकड्यावरून बरोबर केलं असेल तर पुढचे गुण दे. आणि ‘मानवी चूक’ हे दोन शब्द पहिल्याच दिवशी बाद कर. प्रत्येक अहवालात ते असतात आणि त्यांना काही अर्थ नसतो. कोणती राशी कमी-जास्त मोजली गेली आणि त्यामुळे उत्तर वाढलं की घटलं, ते लिहायला लाव.

चंद्राच्या निरीक्षणाचा गृहपाठ जरूर ठेव. संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघत उपाशी बसलेल्या घरातली तू. पौर्णिमेनंतर चंद्र रोज उशिरा उगवतो, हे तुला कुणी शिकवावं लागलं नाही. तुझ्या विद्यार्थ्यांत दिवसा चंद्र दिसतो यावर विश्वास न बसणारी मुलं निघतील. अमावास्येनंतर दोन-तीन दिवसांनी सुरुवात कर, रोज एकाच वेळी, एकाच जागेवरून बघायला सांग. हात लांब केला की मूठ साधारण १० अंश झाकते आणि चंद्र दिवसाला १२-१३ अंश पूर्वेकडे सरकतो, म्हणजे हे सरकणं मुठीने मोजता येतं. ढगांचं काय, असं सगळे विचारतील. तीन आठवड्यांत कुठलीही आठ निरीक्षणं, असा नियम कर. आणि ‘सायंकाळी ७.३०, आकाश पूर्ण झाकलेलं, चंद्र दिसला नाही’ ही नोंदसुद्धा निरीक्षण म्हणून धर, तीनपर्यंत. हा एक नियम इतर दहा ताकिदींपेक्षा जास्त काम करतो. न दिसलेलं ‘दिसलं नाही’ असं लिहिल्याला पूर्ण गुण मिळतात म्हटल्यावर खोटं काढायची गरजच उरत नाही.

तरी काही जण घरी बसून चित्रं काढतील, चॅटबॉटलाही विचारतील. ते ओळखू येतं. सूर्य मावळताना अर्धा, वाढता चंद्र दक्षिणेकडे असायला हवा. चित्रात तो पूर्वेला उगवताना दिसला, तर कुणी बाहेर गेलेलं नाही. लगेच शून्य देऊन वर तक्रार करू नकोस. आधी बोलावून घे, त्याच संध्याकाळी एकदा बाहेर बघून यायला सांग. पुन्हा केलं तर मात्र विद्यापीठाची पद्धत आहे, ती पाळायची.

वर्णपटाच्या लॅबमध्ये एक गोष्ट हमखास सुटते. हायड्रोजनच्या नळीत लाल, निळसर हिरवी आणि जांभळी रेषा ओळखा, असं पत्रकावर छापलेलं असतं. युरोपीय वंशाच्या पुरुषांत दर बारांमागे साधारण एकाला लाल-हिरवा फरक नीट कळत नाही. रंगाचं नाव विचारू नकोस, पट्टीवरची जागा विचार: ६५६, ४८६, ४३४ नॅनोमीटर. कुणालाही हात वर करून आपली अडचण सांगावी लागू नये.

परीक्षांबद्दल थोडक्यात. तीन मिडटर्म, त्यांतली सर्वांत कमी गुणांची वगळायची, फायनल सर्वांना सक्तीची. याने मेकअप परीक्षेचा, म्हणजे चुकलेला पेपर पुन्हा घेण्याचा, बहुतेक प्रश्न सुटतो. आजी वारली म्हणून पेपर चुकला असं एखादा मुलगा सांगतो, तेव्हा त्याच्याकडे दाखला मागायची वेळ तुझ्यावर येत नाही. रात्रपाळी करणारी मुलं असतील, घरी तान्हं बाळ असलेली आई असेल. त्यांनाही तीच सूट आणि न मागता. विनंती करायला धजणाऱ्यालाच सवलत मिळाली तर तो अन्याय होतो.

प्रश्न असे काढ की चुकीचे पर्याय मुलांच्या डोक्यातूनच आलेले असतील. १९८७ मध्ये हार्वर्डच्या पदवीदान समारंभात ऋतू का होतात असं विचारलं, तेव्हा बहुतेकांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं की पृथ्वी सूर्याजवळ जाते म्हणून उन्हाळा. प्रत्यक्षात ती सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, तुझ्या गावी बर्फ पडत असतो तेव्हा. ‘गुरूला चंद्र किती’ असले पाठांतराचे प्रश्न नकोत, तो आकडा बदलतच राहतो. ‘पृथ्वीचा आस कललेला नसता तर काय झालं असतं’ असं विचार. आणि एका ठिकाणी तूच सावध राहा. पुण्यात मे महिन्यात आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. ४० अंश अक्षांशावर तो कधीच डोक्यावर येत नाही, २१ जूनलाही माध्यान्ही ७३.५ अंशांपर्यंतच चढतो. उत्तरपत्रिका तपासताना आपलं आकाश मध्ये येऊ देऊ नकोस.

अपंगत्वामुळे किंवा आजारामुळे परीक्षेला जास्त वेळ किंवा वेगळी खोली हवी असं विद्यापीठाच्या कार्यालयाचं पत्र काही जण आणतील. १९७३ आणि १९९० च्या कायद्यांनी त्यांना हा हक्क दिला आहे. पत्रात लिहिलंय तेवढं मनापासून कर, आजार कोणता हे विचारू नकोस. तसंच गुणांचं. आपल्याकडे निकाल फलकावर लागतो आणि काका-मामांपर्यंत सगळ्यांना कळतो. तिथे विद्यार्थ्यांच्या नोंदी खाजगी ठेवणाऱ्या १९७४ च्या कायद्याने गुण त्या विद्यार्थ्याचे. वडिलांचा फोन आला, कितीही गोड बोलले, तरी नम्रपणे नाही म्हण आणि नोंदणी कार्यालयाकडे पाठव. तपासलेले पेपर टेबलावर गठ्ठ्याने ठेवू नकोस, हातात दे.

गुणांबद्दल तक्रार आली तर लेखी माग, आठवड्याच्या आत, कोणत्या प्रश्नाबद्दल आणि का एवढंच. जो प्रश्न तुझा चुकला असेल, त्याचे गुण वर्गातल्या सगळ्यांना दे, फक्त विचारायला आलेल्याला नको.

सिलॅबसचा मसुदा झाला की मला पाठव. त्यात उशिरा दिलेल्या गृहपाठाचा नियम एका वाक्यात बसव, तीन परिच्छेदांत नको. लॅबच्या गुणांचा तक्ता पहिल्या प्रयोगाआधी मुलांच्या हातात पडेल असं बघ, आणि दोन्ही सेक्शनचे पहिले दहा-दहा अहवाल एकाच बैठकीत तपास, म्हणजे सोमवारच्या आणि गुरुवारच्या मुलांना वेगवेगळी मापं लागणार नाहीत.

कळावे, लोभ आहेच.