प्रवेश मिळाला, गाडी कुठे आहे?

प्रश्न : २०१० च्या फॉर्म्युला वन हंगामासाठी यूएस एफवन संघाची निवड झाली होती, तरी तो एकाही शर्यतीत दिसला नाही. निवड झाल्यावर नवे संघ अडतात कुठे?

उत्तर : बहुतेक वेळा मोनोकॉकवर, म्हणजे चालक ज्यात बसतो त्या कार्बन फायबरच्या सांगाड्यावर. गाडीचं सगळं वेळापत्रक त्याच्यामागे चालतं. आधी आराखडा पक्का करायचा, मग साचे बनवायचे, साच्यांत कार्बनचे थर बसवायचे, ऑटोक्लेव्हमध्ये उष्णता आणि दाबाखाली ते पक्के करायचे, जोडणी करायची आणि मग क्रॅश टेस्ट. आधीचा टप्पा संपल्याशिवाय पुढचा सुरू होत नाही. पुरस्कर्त्याचा हप्ता दोन महिने लांबला की साच्यांची ऑर्डरही दोन महिने लांबते. पहिली शर्यत मात्र ठरल्या दिवशीच होते.

यूएस एफवन, काम्पोस आणि मॅनर यांना जून २००९ मध्ये प्रवेश मिळाला आणि हंगामातली पहिली, बहारीनची शर्यत होती १४ मार्च २०१० ला. त्यात ४ कोटी पौंडांची खर्चमर्यादा येणार, या हिशेबावर या संघांनी अर्ज केले होते. ती मर्यादा आलीच नाही. लोटसला तर सप्टेंबरमध्ये प्रवेश मिळाला, तरी चालक हेइकी कोवालायनेननं त्यांची गाडी बहारीनमध्ये पंधराव्या क्रमांकावर आणली. लोटसकडे माइक गॅस्कॉइनसारखा मुरलेला तांत्रिक प्रमुख होता. आमच्या मते हातात किती महिने आहेत यापेक्षा पैसा वेळेवर येणं आणि काम जाणणारी माणसं असणं जास्त मोलाचं.

काम्पोसचं पुढे हिस्पानिया झालं. चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, दलारा ही कंपनी बनवत होती, पैशांअभावी काम रखडलं आणि ऐन फेब्रुवारीत मालकी बदलली. त्यांचा चालक करुण चंढोक याची गाडी पहिल्यांदा धावली ती थेट बहारीनच्या पात्रता फेरीत! याचा तोटा समजून घ्यायला हवा. नवी गाडी आधी एकच फेरी मारून गॅरेजमध्ये आणतात, इंजिनावरचं आवरण काढतात आणि हायड्रॉलिक तेल कुठे झिरपतंय का, तारा एक्झॉस्टजवळ तापल्यात का, सेन्सरचे आकडे जुळतात का हे बघतात. गिअर बदलणं, क्लच, पॉवर स्टीअरिंग हे सगळं एकाच हायड्रॉलिक यंत्रणेवर चालतं, म्हणून एक सांधा गळला तरी गाडी उभी राहते. हे दोष सरावात शोधायचे असतात. चंढोकच्या वाट्याला तो सरावच आला नाही.

प्रश्न : क्रॅश टेस्टमध्ये नापास झाल्यावर नेमकं काय होतं?

उत्तर : गाडीच्या नाकाचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, भाग ठरल्यापेक्षा कमी ऊर्जा शोषतो किंवा बाजूचा भाग दाबाखाली तडकतो, तेव्हा थरांची संख्या आणि धाग्यांची दिशा बदलून नवा नमुना बनवावा लागतो आणि चाचणी पुन्हा द्यावी लागते. २०१२ पासून सगळ्या चाचण्या पार केल्याशिवाय नव्या गाडीला हंगामपूर्व सरावात उतरता येईना. त्या वर्षी हिस्पानिया आणि मारुसिया (मूळचा मॅनर) दोघांच्याही नव्या गाड्यांचा सराव हुकला. पहिल्या शर्यतीत, मेलबर्नला, मारुसियाच्या गाड्या पात्र ठरल्या, हिस्पानियाच्या दोन्ही बाहेर राहिल्या.

क्रॅश टेस्ट पार झाली म्हणजे आराखडा बरोबर आहे, असंही नव्हे. २०१० मध्ये शर्यतीदरम्यान इंधन भरण्यावर बंदी आली आणि व्हर्जिनची (तोच जुना मॅनर) टाकी पूर्ण शर्यतीला पुरेना. टाकी चालकाच्या पाठीमागे, मोनोकॉकच्या आतच असते. ती वाढवायची तर चॅसीच नवी. एफआयए या खेळाच्या जागतिक नियामक संस्थेची परवानगी घेऊन त्यांना हंगाम चालू असताना ती बनवावी लागली.

प्रश्न : पात्रता फेरीत सर्वांत वेगवान वेळेच्या १०७ टक्क्यांपेक्षा संथ गाडीला शर्यतीत घेत नाहीत. हा हिशेब कसा करतात?

उत्तर : पात्रतेच्या पहिल्या टप्प्यातली सर्वांत वेगवान वेळ गुणिले १.०७. ती १ मिनिट ३० सेकंद असेल, तर मर्यादा १ मिनिट ३६.३ सेकंद. सरावातली वेळ बरी असेल तर पंच सवलत देऊ शकतात. १९९७ मध्ये मेलबर्नला लोला मात्र पोल पोझिशनपेक्षा, म्हणजे पात्रतेतल्या पहिल्या क्रमांकाच्या वेळेपेक्षा, ११ सेकंदांहून अधिक मागे होती. पुरस्कर्त्याच्या आग्रहामुळे तो संघ ठरल्यापेक्षा एक वर्ष आधी उतरला होता आणि गाडीची विंड टनेलमध्ये, म्हणजे हवेच्या झोतात, चाचणीच झाली नव्हती.

प्रश्न : नवा संघ खरंच येणार की नाही, हे बातम्यांवरून कसं ओळखावं?

उत्तर : रंगसंगती आणि संगणकावरची चित्रं सोडून द्या. इंजिनाचा करार झाला का, क्रॅश टेस्ट पार झाल्या का, इंजिन गाडीत बसवून सुरू केलं का, हे क्रमानं बघा. तयार भाग कुणाकडून घेणार तेही महत्त्वाचं. हास या अमेरिकन संघानं २०१४ मध्ये प्रवेश मिळवूनही एक हंगाम मुद्दाम सोडला, फेरारीकडून इंजिन, गिअरबॉक्स आणि नियमात बसतील ते भाग घेतले, चॅसी दलाराकडून करून घेतली आणि २०१६ च्या पहिल्याच शर्यतीत त्यांचा चालक ग्रोजाँ सहावा आला.

प्रवेशाचं दारही आता अरुंद आहे. बक्षिसाची रक्कम जास्त संघांत वाटली जाणार म्हणून २०२१ पासूनच्या करारात नवागतानं २० कोटी डॉलर भरायची अट आली. आंद्रेट्टी या अमेरिकन संघाला एफआयएनं होकार दिला, पण जानेवारी २०२४ मध्ये व्यावसायिक हक्क असलेल्या कंपनीनं नकार दिला. पुढे जनरल मोटर्सच्या कॅडिलॅकला २०२६ साठी मान्यता मिळाली, सुरुवातीला फेरारीच्या इंजिनासह.

आणि संगणक विसरू नका. दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून सावरलेला मॅनर २०१५ मध्ये गाड्या घेऊन मेलबर्नला पोचला, पण लिलावाच्या तयारीत संगणकांवरचा डेटा पुसला गेला होता. इंजिन आणि गिअरबॉक्सशी बोलणारं सॉफ्टवेअर नव्यानं उभं करेपर्यंत शनिवार-रविवार संपला, गाड्या गॅरेजमधून हलल्याच नाहीत.