कॉलेजच्या उपग्रहावरून अंतराळवीराचा डोस कळतो का?

तुम्ही विचारलंय की विद्यार्थ्यांनी बनवलेल्या छोट्या उपग्रहांवरून अंतराळवीरांना बसणारं रेडिएशन, म्हणजे त्यांचा डोस, कसं मोजणार, त्यापेक्षा त्यांच्या छातीला बिल्ला लावला की काम होणार नाही का?

मी नवी मुंबईत एका रुग्णालयाच्या रेडिओथेरपी विभागात आहे, रोज टीएलडी बिल्ला, म्हणजे अंगावर पडलेलं रेडिएशन साठवून ठेवणारा बिल्ला लावतो. आत कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. तीन महिन्यांनी त्या तापवतात आणि निघणाऱ्या उजेडावरून डोस काढतात. आमच्यातल्या एकाचा बिल्ला चुकून मशीनच्या खोलीत राहिला होता. आकडा इतका फुगला की बिचारा आठवडाभर खुलासे लिहीत बसला. बिल्ल्याला फक्त बेरीज येते. कुठे आणि केव्हा, ते त्याला विचारू नका.

अंतराळात बिल्ले वापरतातच. १९८० साली साल्युत-६ या सोव्हिएत अंतराळ स्थानकावर हंगेरीचं 'पिल्ले' नावाचं यंत्र गेलं, ते बिल्ला तिथल्या तिथे तापवून वाचायचं. पण डोस सगळीकडे सारखा बसत नाही. पावसाळ्यात सीएसएमटीहून पनवेल लोकलच्या दारात उभे राहा. मानखुर्द सुटलं, गाडी खाडीपुलावर आली की दोन-तीन मिनिटांत शर्ट चिंब. घरी गेल्यावर नुसता शर्ट बघून कुणाला कळणार की हे पुलावर झालं? अंतराळ स्थानकाचा तसा पूल म्हणजे दक्षिण अटलांटिक महासागरावरचा पट्टा. तिथे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र दुबळं असल्याने व्हॅन ॲलन पट्ट्यांतले (पृथ्वीभोवती चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या कणांचे आतला आणि बाहेरचा असे पट्टे) प्रोटॉन खाली, स्थानकाच्या ४०० किमी उंचीपर्यंत उतरतात.

छोटा उपग्रह नेमका हा पूल दाखवतो. १० सेंटिमीटरचा ठोकळा, किलो-सव्वा किलो वजन, आत सिलिकॉनचा सेन्सर. कणाची प्रत्येक टक्कर वेळेसकट नोंदली जाते. कोलोरॅडो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी असे तीन ठोकळे जोडून केलेला उपग्रह २०१२ साली वर गेला. आतल्या पट्ट्याच्या काठावरचे इलेक्ट्रॉन येतात कुठून, हे जुनं कोडं त्याच्या नोंदींवरून सुटलं.

मात्र 'अंतराळवीरांचा डोस मोजणारा उपग्रह' असं कुणी म्हटलं तर ती निम्मी जाहिरात समजा. पाऊस किती पडला ते तो सांगतो, तुम्ही किती भिजलात ते नाही. ठोकळ्याचा पत्रा पातळ, त्यामुळे पट्ट्यातले इलेक्ट्रॉन सेन्सरवर धडकतात. स्थानकाच्या भिंतीत त्यातले बहुतेक अडकतात. उलट जाड भिंतीवर वैश्विक किरण आदळून न्यूट्रॉन उडतात, ते ठोकळ्यात फारसे दिसायचेच नाहीत. म्हणून दोन-तीन सेन्सर ठेवून त्यांवर भिंतीच्या जागी वेगवेगळ्या जाडीचं पॉलिथिन लावावं, एवढं तरी हवंच. पुढे भिंत आणि शरीर धरून गणित करायचं, आणि ते बरोबर आहे का हे शेवटी बिल्ल्याशीच ताडून बघायचं.

आकड्यांचा अंदाज हवा असेल तर स्थानकात दिवसाला साधारण अर्धा मिलिसिव्हर्ट (डोस मोजायचं एकक). शुभांशू शुक्ला २०२५ मध्ये वीसेक दिवस वर होते, म्हणजे माझ्या हिशेबाने दहाच्या आसपास. आम्हा बिल्लेवाल्यांना वर्षाला सरासरी २० ची मर्यादा आहे.

तुमच्या कॉलेजात असं काही शिजत असेल तर सेन्सर नुसत्या सिझियमच्या गॅमा किरणांवर तपासून वर पाठवू नका. भिंत भेदतात ते प्रोटॉन. खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक या कर्करोग केंद्रात कर्करोगावर जे प्रोटॉन वापरतात, साधारण त्याच ताकदीचे.