60 टक्के ब्लॉकेज आणि स्टेंट नाही: मग चालावे का?

हृदयरोग पुनर्वसन विभागात समुपदेशन करताना एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो: ‘अँजिओग्राफीत ब्लॉकेज निघाला, पण डॉक्टरांनी नुसत्या गोळ्या दिल्या, आता चालताना काही झाले तर?’ ओळख पटू नये इतपत तपशील बदलून अशाच एका काकांविषयी लिहिते.

भावाला झटका आल्यावर ते धास्तीने तपासणीला गेले. स्ट्रेस टेस्ट संशयास्पद आली आणि अँजिओग्राफीत एलएडी या, हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत 60 टक्के अडथळा दिसला. तेव्हापासून फिरणे, जिना, भाजीची पिशवी उचलणे, सारे बंद. ‘नळ साठ टक्के गंजला, म्हणजे पाणी चाळीस टक्केच येणार,’ असा त्यांचा हिशेब होता, आणि काकूंनाही तो पटलेला होता.

हृदयाला हा हिशेब लागू पडत नाही. विश्रांतीच्या वेळी हृदयाच्या स्नायूला मिनिटाला साधारण 250 मिलिलिटर रक्त मिळते आणि त्यातला 70 टक्क्यांच्या आसपास प्राणवायू तो तेव्हाच काढून घेतो. त्यामुळे श्रमाच्या वेळी अधिक प्राणवायू हवा असेल, तर रक्तप्रवाह वाढवण्यावाचून फारसा मार्ग उरत नाही. निरोगी धमन्यांत हा प्रवाह चौपटीपर्यंत किंवा त्याहूनही अधिक वाढू शकतो. धमनी अरुंद झाली की पुढच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आपोआप रुंदावतात आणि विश्रांतीचा प्रवाह टिकवून धरतात. 1974 साली के. लान्स गूल्ड आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत, व्यास सुमारे 85 टक्के घटेपर्यंत विश्रांतीचा प्रवाह कमी झाला नाही. वाढीची राखीव क्षमता मात्र त्याच्या बरीच आधी घटू लागली. म्हणूनच अंजायनाचे, म्हणजे हृदयाला रक्त अपुरे पडल्याने छातीत होणारे दुखणे बहुधा बसल्याजागी न येता जिन्यावर येते.

काकांची राखीव क्षमता किती उरली होती, हे त्यांच्याच फायलीत लिहिलेले होते, फक्त कोणी समजावले नव्हते. औषधाने प्रवाह कमाल करून अडथळ्यापलीकडचा दाब महाधमनीतल्या दाबाशी ताडून पाहतात. त्या गुणोत्तराला एफएफआर म्हणतात. ते 0.80 किंवा त्याहून कमी असेल तर अडथळा प्रवाहाला बाधक मानतात. काकांचे 0.87 होते, म्हणजे भर श्रमातही त्या धमनीतला प्रवाह सुमारे 13 टक्क्यांनीच कमी पडणार होता.

‘मग गोळ्या कशाला?’ हा त्यांचा पुढचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटला, कारण बोलता बोलता कळले की स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी त्यांनी स्वतःच बंद केली होती आणि चुना-तंबाखू चालूच होती. झटका बहुतेक वेळा धमनीतल्या चरबीयुक्त थराला चीर जाऊन त्यावर गुठळी बसल्याने येतो, आणि असा थर फारसा अडथळा न करणाराही असू शकतो. स्टॅटिन तो थर स्थिर करते. तंबाखूतले निकोटिन नाडी व रक्तदाब वाढवते. डाव्या जवनिकेच्या, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या कप्प्याच्या स्नायूला रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात मिळते, आणि नाडी जलद झाली की आखडतो तो नेमका हाच विसावा.

हृदयरोगतज्ज्ञांच्या संमतीने आमच्या विभागातच, ईसीजी लावून, त्यांचे चालणे सुरू केले. छातीत दाब, घाम किंवा दम लागल्यास थांबायचे आणि विश्रांतीने तो ओसरला नाही तर 108 ला फोन करायचा, हे काकूंनाही सांगितले. स्टॅटिन पुन्हा सुरू झाली आहे. तंबाखू अजून पूर्ण सुटलेली नाही. सध्या आमच्या भेटींचा बहुतेक वेळ तिच्यावरच जातो.