पोराला आता वर चढवू नका, भाऊ

चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसहून एका वडिलांचं पत्र आलंय. कोळशाच्या साठ्यावर स्पेस फ्रेमचा, म्हणजे पाईप आणि लोखंडी गोळे जोडून केलेल्या जाळीचा, डोम उभारणाऱ्या एका कॉन्ट्रॅक्टरकडे ते इरेक्शन सुपरवायझर, म्हणजे उभारणीवर देखरेख करणारे, आहेत. मुलगा 17 वर्षांचा, सिव्हिल डिप्लोमाच्या सेकंड इयरला, मार्क 58 टक्के. डिप्लोमा झाला की त्याला याच लाईनीत घालायचंय, पण पोरगं उंचीला घाबरतं, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत त्याला डोमवर नेलं. अर्ध्यावर त्याचे हातपाय थरथरायला लागले, खाली आणल्यावर उलटी झाली. त्यांचा प्रश्न असा की भीती मोडायला किती दिवस लागतील आणि तोवर कुठला कोर्स लावू.

भाऊ, कोर्सचं नंतर बघू. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या उलटीच्या ओळीपाशीच थांबले. पोराला 18 पूर्ण नाहीत, उंचीवर चक्कर येते का बघणारी व्हर्टिगो टेस्ट नाही, वर काम करायच्या परवानगीचा हाईट पास नाही, आणि तुम्ही लिहिता की हार्नेस, म्हणजे सुरक्षेचा पट्टा, माझाच दिला होता, म्हणजे तुम्ही स्वतः तिथे बिनहार्नेसचे उभे होतात का? रोज सकाळी कामाआधीच्या सुरक्षेच्या बैठकीत, टूलबॉक्स टॉकमध्ये, जे तुम्ही कामावरच्या माणसांना बजावता तेच स्वतःच्या पोराच्या बाबतीत विसरलात. एखादा हेल्पर असा थरथरताना दिसला असता तर तुम्हीच त्याला खाली उतरवून पुन्हा वर पाठवला नसता, हो ना? आणि वाईट वाटलं ते याचं की तो नको म्हणाला असं पत्रात कुठेच नाही, मला तर वाटतं त्याला नको म्हणायची सोयच नव्हती. भीती मोडणं वगैरे आता बंद. एवढं झाल्यावरही तो गप्प असेल तर आधी त्याच्याशी बोला, आणि त्या दिवशी चूक माझी होती हे तुमच्या तोंडून त्याला ऐकू द्या.

तुमचा एक गैरसमज आहे, डिझाईन काय कॉम्प्युटर करतो, खरं काम वर चढणाऱ्याचं. अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात एका मोठ्या स्टेडियमवर स्पेस फ्रेमचंच छप्पर होतं, सपाट, तेही कॉम्प्युटरवर हिशोब करून केलेलं. सगळं जमिनीवर जोडून मग जॅकने वर उचललं. मोजलं तर हिशोबात धरला होता त्याच्या दुप्पट वाक निघाला, डिझाईनवाल्यांना कळवलं, ते म्हणाले चालतंय. 18 जानेवारी 1978 ला पहाटे बर्फाच्या वजनाने ते अख्खं छप्पर खाली आलं, आणि काही तासांआधीच तिथून जवळपास 5000 माणसं मॅच बघून घरी गेली होती. दाबाखालच्या मेंबरना, म्हणजे जाळीतल्या दांड्यांना, मधे पुरेसा आधार आहे असं हिशोबात धरलेलं, प्रत्यक्षात तो तेवढा नव्हताच. तुमच्या डोममध्येही तसंच, पाईप एकतर दाबात नाहीतर ताणात, आणि जोराचा वारा सुटला की छप्पर वर खेचलं जातं आणि दाबातला पाईप ताणात जाऊ शकतो. हे सगळं टेबलावर बसून नीट विचार करणारा माणूस ओळखतो, त्यासाठी त्याला वर लोंबकळावं लागत नाही. वर चढून बोल्ट कसणाऱ्याचं काम मी कमी लेखत नाही, तुमचा आयुष्यभराचा घाम आहे तो, पण त्या कामाला ज्याचं शरीर साथ देतं त्यानेच ते करावं.

आता पत्राच्या शेवटी तुम्ही तक्रार म्हणून जे लिहिलंय ते बघा. पोरगं सायकलच्या तारा आणि एम-सीलचे गोळे घेऊन डोम करत बसतं, अभ्यास करत नाही, आणि एकदा तुमच्या मोबाईलवरचा फोटो बघून म्हणालं की पप्पा हे दोन पाईप अदलाबदल झालेत, नंबर बघा. आणि ते खरं निघालं! भाऊ, हजारो पाईप, प्रत्येकावर पंच केलेला नंबर, लांबीत काही मिलीमीटरचा फरक, त्यातून चुकलेले दोन 17 वर्षांच्या पोराने घरी बसून काढले, आणि तुम्ही 58 टक्क्यांचं रडताय.

डिटेलिंग म्हणतात त्याला. कुठल्या गोळ्याला कुठल्या कोनात भोक, कुठला पाईप किती लांब, हे ज्याच्या डोक्यात बसतं त्याला ड्रॉइंग ऑफिसात जागा आहे. चंद्रपूरला कोळशाची धूळ काय असते ते तुम्हाला मी सांगायला नको, 2009 च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अतिप्रदूषित यादीत आपलं नाव होतं, साठे झाकायचं काम लागणारच. आणि कोळसा आत आपोआप तापतो, गॅस धरतो, म्हणून हवा कुठून खेळवायची हाही डिझाईनचाच भाग.

रस्ता सरळ आहे, डिप्लोमानंतर थेट सेकंड इयर इंजिनिअरिंग, पुढे झेपलं तर गेटची प्रवेश परीक्षा देऊन स्ट्रक्चरमध्ये एम.टेक. मार्क मात्र वाढवावे लागतील, मेकॅनिक्स आणि गणित सोडून चालणार नाही. ऑटोकॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणं, त्याच्या कॉलेजात शिकवतातच, बाहेर लाख-दीड लाखाचा 'डोम स्पेशालिस्ट' कोर्स कोणी विकत असेल तर एक रुपया देऊ नका.

साहेबांना विचारून एखादं बाद झालेलं ड्रॉइंग घरी आणा, त्याच्यासमोर ठेवा आणि काही बोलू नका, नुसतं त्याला सांगू द्या. आणि पुढचं पत्र त्याला स्वतःला लिहायला सांगा, तारांच्या डोमचा फोटो जोडून.