क्रिकेटचं मराठी समालोचन ओढूनताणून केलेलं वाटत नाही का? पायचीत, यष्टीचीत असं कोण बोलतं?

आमची आजी बोलायची. तिला एलबीडब्ल्यू कधी कळलं नाही, पायचीत मात्र पक्कं कळायचं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मुंबईत कसोटी असली की आजी सुपात तांदूळ निवडत रेडिओजवळ बसायची. मराठी समालोचक बाळ ज. पंडितांचा आवाज आला की हात थांबायचा. "त्रिफळाचीत" म्हटलं की तीन दांड्या उडालेल्या तिला बसल्या जागी दिसायच्या. मैदान तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. एकदा ऐन रंगात आलेल्या खेळात मोठा भाऊ कॉलेजातून आला आणि तिला न विचारता काटा फिरवून इंग्रजी लावलं. "हे गावठी काय ऐकता?" आजी काही बोलली नाही. सूप उचललं, आत गेली. पुढचे दोन दिवस ती रेडिओपाशी फिरकली नाही.

आपल्याकडे समालोचन सुरू झालं तेच इंग्रजीत. १९३४ साली मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर, चार संघांच्या चौरंगी स्पर्धेतल्या सामन्यात बॉबी तल्यारखान बोलले. पुढेही दिवसभर एकटेच बोलायचे, माईक दुसऱ्याला द्यायचे नाहीत. आवाज मोठा गुणी, पण आमच्या माजघरापर्यंत तो पोचणार कसा? ते काम पंडितांनी केलं. स्वतः रणजी खेळलेला माणूस, त्यामुळे चेंडू कुठे पडला, किती वळला हे नेमकं सांगायचे. रेडिओवर दिसत काहीच नाही. गोलंदाज कुठल्या टोकाकडून येतोय, क्षेत्ररक्षक कुठे उभे आहेत, सगळं बोलूनच दाखवायचं, आणि आत्ताच रेडिओ लावलेल्यासाठी धावफलक पुन्हापुन्हा. झेलबाद, धावचीत, निर्धाव षटक हे शब्द एका दमात बसतात, म्हणून टिकले.

स्लिप, गली, मिडऑफ ही क्षेत्ररक्षकांच्या जागांची इंग्रजी नावं तशीच राहिली हे खरं. राहू देत, त्यानं काही अडलं नाही. पण घरात म्हातारं माणूस ऐकत असेल तर भाषा बदलण्याआधी त्याला विचारा, एवढं कराच.

परवा भावाकडे गेले, तर नातवाच्या मोबाइलवर आयपीएलचं मराठी समालोचन लावून बसला होता. मी आजीचा विषय काढला. म्हणाला, "तेव्हा खरखर होती गं, म्हणून बदललं." खरखर नव्हती. त्या कसोटीसाठी आजीनं नवे सेल आणवले होते, आणि ते मीच घातले होते.